कॅम्पिंग ट्रकमध्ये दुसरी बॅटरी आणि सोलर बसवायचंय, सुरुवात कुठून करू?

चाकावरचं_घर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे छोटा डिझेल ट्रक आहे, मागच्या हौद्यावर झोपायची केबिन बांधून घेतलीय. मागच्या ट्रिपला दोन रात्री एकाच जागी थांबलो आणि ४५ लिटरचा बारा व्होल्टवाला कॉम्प्रेसर फ्रिज गाडीच्याच बॅटरीवर चालू ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली तर नुसती टिकटिक, सेल्फ लागलाच नाही. आजूबाजूला चिटपाखरू नाही, मोबाइलला रेंज नाही, दुपारी एक गाडी आली तेव्हा कुठे त्यांच्या बॅटरीवरून केबल टाकून आपली चालू झाली. लहान मुलगी सोबत होती. तो अर्धा दिवस मी विसरणार नाही, म्हणून आता हे काम नीटच करायचं असं ठरवलंय.

डोक्यात असं आहे की मागे केबिनमध्ये दुसरी बॅटरी, टपावर सोलर पॅनेल, आणि गाडी चालू असताना अल्टरनेटरनेपण (इंजिनवर चालणाऱ्या वीज बनवणाऱ्या यंत्राने) चार्ज व्हावी. वाचून वाचून गोंधळ झालाय. कुणी म्हणतं साधा रिले (दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) लावा, कुणी म्हणतं डीसी टू डीसी चार्जरशिवाय हात लावू नका. एजीएम (सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी) घेऊ का लिथियम? पॅनेल ४०० वॉटचं टाकून टाकावं का एकदाचं? आणि सोलर आणि अल्टरनेटर दोन्हीकडून एकाच वेळी चार्जिंग आलं तर बॅटरीचं काही बिघडतं का? वायरिंग मला थोडंफार येतं, घरातली बटणं आणि सॉकेट बदललेत, गाडीचं कधी केलं नाही.

बारा_व्होल्ट:
पॅनेल, बॅटरी सगळं दोन दिवस बाजूला ठेवा आणि आधी २४ तासांत किती अँपिअर-अवर जातात ते मोजा. बारा व्होल्टवर चालणारा छोटा वॉटमीटर मिळतो, तो फ्रिजच्या वायरीत मध्ये लावायचा आणि एक अख्खा दिवस-रात्र फ्रिज भरलेल्या अवस्थेत चालू ठेवायचा, तोही गरम दिवशी, कारण ४५ लिटरचा फ्रिज चालू असताना साधारण ३ ते ५ अँपिअर ओढतो पण तो सतत चालत नाही, थंडीत तासातली १५ मिनिटं चालेल आणि उन्हात बंद गाडीत ४० मिनिटं चालेल, त्यामुळे पाटीवरच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. हा एक आकडा हातात आला की तुमचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

आता रिले की डीसी टू डीसी. हे तुमच्या अल्टरनेटरवर आहे. जुन्या गाड्यांमध्ये अल्टरनेटर कायम १४ ते १४.४ व्होल्ट देतो, तिथे व्होल्टेज बघून जोडणारा रिले छान चालतो, १३.३ च्या आसपास जोडतो, १२.८ च्या आसपास तोडतो, संपला विषय. पण नवीन उत्सर्जन नियमांच्या गाड्यांत अल्टरनेटर इंजिनच्या कॉम्प्युटरच्या हातात असतो. पुढची बॅटरी भरलेली दिसली की तो डिझेल वाचवायला १२.५ पर्यंत खाली येतो आणि तुम्ही अॅक्सिलरेटर सोडला की १५ च्या जवळ उडी मारतो. अशा गाडीत रिले सारखा जोड-तोड करत बसतो आणि मागची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. डीसी टू डीसी चार्जर मिळेल ते व्होल्टेज घेऊन पुढे बॅटरीला हवं तसं करून देतो, खालचं वर चढवतो, वरचं खाली आणतो. तुमची कुठली आहे ते बघायला अर्धा तास गाडी चालवा, मल्टिमीटर पुढच्या बॅटरीवर लावून ठेवा आणि बाजूला बसलेल्या माणसाला आकडे वाचायला सांगा. उतारावर आकडा उसळला आणि सपाटीला १३ च्या खाली आला तर रिलेचा विचार सोडा.

अजून एक, हे फार कमी जण सांगतात. नवीन गाड्यांत पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो, बॅटरीत किती आलं किती गेलं ते तो मोजतो. तुमची नवीन निगेटिव्ह वायर थेट बॅटरीच्या पोलवर लावलीत तर तो करंट सेन्सरला दिसतच नाही आणि गाडीचा हिशोब चुकतो. वायर सेन्सरच्या पलीकडे, चॅसीच्या अर्थ बोल्टवर घ्या.

दोन्हीकडून एकत्र चार्जिंगचं अजिबात टेन्शन घेऊ नका. दोन नळ एकाच टाकीत सोडल्यासारखं आहे, बॅटरीला घ्यायचं तेवढंच ती घेते. फक्त सोलर कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्जिंगचा डबा) आणि डीसी टू डीसी दोन्हीवर बॅटरीचा प्रकार एकच सेट करा. नाहीतर एक म्हणेल बॅटरी भरली आणि दुसरा अजून ढकलत राहील. दोन्ही कामं एकाच डब्यात करणारे चार्जरपण येतात, जागा कमी असेल तर ते बरे.

जुनं_इंजिन:
माझ्या गाडीचं वय १८ वर्षं. साधा व्होल्टेज रिले, मागे १०० एएच (अँपिअर-अवर) एजीएम, गेली सहा वर्षं काही अडचण नाही. अल्टरनेटर जुना असेल तर उगाच महागाचं सामान लावायला लावू नका लोकांना. फक्त बॅटरी कधीच ५० टक्क्यांच्या खाली नेत नाही. थोडा वेळ चार्जिंग आणि लोड न देता ठेवलेल्या एजीएमवर १२.२ व्होल्ट दिसलं की फ्रिज बंद.

तांब्याची_तार:
बारा_व्होल्ट यांनी बरोबर सांगितलंय पण वायरबद्दल एक अक्षर नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात, मी स्वतः फसलेय, म्हणून जरा लांब लिहिते.

घरातल्या वायरिंगचा अंदाज इथे चालत नाही. घरी २३० व्होल्ट असतात, तिथे एक व्होल्ट कमी झाला तर कुणाला कळत नाही. इथे मुळात बाराच, त्यातला एक गेला तर चार्जिंगच होत नाही. हिशोब सोपा आहे. तांब्याच्या एक चौरस मिलिमीटरच्या एक मीटर वायरला ०.०१७५ ओहम रोध असतो. इंजिनपासून मागच्या केबिनपर्यंत वायर पाच मीटर धरा, जाऊन येऊन दहा. सहा स्क्वेअरची (सहा चौरस मिलिमीटरची) वायर टाकलीत तर रोध झाला साधारण ०.०२९ ओहम. २५ अँपिअरचा डीसी टू डीसी पुढच्या बाजूने ३० च्या वर ओढतो, कारण तो व्होल्टेज वाढवून देतो आणि थोडं त्याच्यात उष्णता म्हणून जातं. ३० गुणिले ०.०२९, म्हणजे पाऊण व्होल्टच्या वर नुसतं वायरीत गेलं, आणि २६ वॉटची उष्णता वायरीत झाली ती वेगळीच. तेच १६ स्क्वेअर टाकली तर ०.३३ व्होल्ट. २५ स्क्वेअरला ०.२१. मी १६ च्या खाली जाऊ नका म्हणेन आणि जागा असेल तर २५. वायर घेताना बारीक तारांची लवचीक घ्या, जाड तारांची गाडीच्या थरथरीने आतल्या आत तुटते. आणि आत खरंच तांबं आहे का ते टोक खरवडून बघा, तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर सर्रास मिळते आणि तिचा रोध कितीतरी जास्त असतो.

फ्यूज. दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या वायरला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो, एका टोकाला लावून भागत नाही, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मध्ये कुठे वायर घासून बॉडीला लागली तर दोन्हीकडून करंट येणार. आणि फ्यूज बॅटरीला अगदी चिकटून, वीतभर अंतरात. फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधला वायरीचा तुकडा उघडा पडलेला असतो, त्याला कुणी वाचवत नाही. १६ स्क्वेअरला आणि तुमच्या ३०-३३ अँपिअरला ५० किंवा ६० चा फ्यूज बसतो. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, उपकरणासाठी नाही, त्यामुळे फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठा टाकणं हा मार्ग नाही. लिथियम घेतलीत तर चौकशी करून मोठा शॉर्ट तोडू शकणारा फ्यूज घ्या, त्या बॅटऱ्या शॉर्टमध्ये हजारो अँपिअर सोडतात आणि साध्या फ्यूजच्या आत ठिणगी पेटती राहू शकते.

माझं काय झालं ते सांगते. पहिल्या गाडीत वायर इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून नेली, भोकाला रबरी ग्रोमेट नव्हता, म्हटलं नंतर लावू. चार महिन्यांनी पत्र्याच्या धारेने इन्सुलेशन कापलं. पुढच्या टोकाला फ्यूज होता तो उडाला, मागच्या टोकाला नव्हता. मागच्या बॅटरीने ती वायर तापवून लाल केली आणि सीटखालचं फोम धुमसायला लागलं. आम्ही चहूकडून दारं उघडून बाहेर पडलो आणि बॅटरीचा पोल पान्याने सोडवला तेव्हा थांबलं. कुणाला काही झालं नाही पण त्या दिवसापासून मी ग्रोमेट, वरून जाळीदार पाइप आणि दर वीतभरावर क्लिप, याशिवाय वायर टाकत नाही.

थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचं, बोल्टासाठी भोक असलेलं टोपण) दाबूनच बसवा, डाग (सोल्डर) देऊ नका. डाग दिलेली वायर ताठ होते आणि थरथरीने बरोबर डाग संपतो तिथे तुटते. दाबायला षटकोनी डायचा हातपाना घ्या, पक्कड आणि हातोडी नको.

चाकावरचं_घर:
ताई, तुमचं वाचून झोप उडाली. आधी सगळं पुन्हा कागदावर काढतो.

मोजणी केली. गरम दिवस होता. फ्रिज २४ तासांत ३४ एएच. एलईडी लाइट ३, रात्री पंखा १०, दोन मोबाइल आणि लॅपटॉप मिळून ७, पाण्याचा पंप एकसुद्धा नाही. एकूण ५५ धरतोय. मला वाटत होतं शंभरच्या वर जाईल. आणि अल्टरनेटर स्मार्ट, म्हणजे कॉम्प्युटरच्या हातातला, निघाला, सपाटीला १२.६, उतारावर १४.९. म्हणजे रिले गेला.

आता बॅटरी आणि सोलर यांचं सांगा. इंजिनच्या बाजूला बॅटरीला जागा आहे, तिथे लिथियम ठेवली तर वायर छोटी होईल ना?

बारा_व्होल्ट:
लिथियम इंजिनजवळ नको. इंजिनची उष्णता तिला सोसत नाही, केबिनमध्येच ठेवा. आणि लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटच घ्या, गाडीसाठी तोच प्रकार.

५५ एएच रोजचे असतील तर १०० एएचच्या एजीएममधून तुम्ही ५० वापरणार, म्हणजे एक दिवससुद्धा पुरत नाही, दोन लागतील, आणि एकेक जवळजवळ ३० किलोची. १०० ची लिथियम १२-१३ किलो, त्यातले ८०-९० आरामात वापरता येतात, दीड दिवस कुठलंही चार्जिंग नसताना निघतो. पण माझ्यासाठी खरा फरक चार्ज व्हायच्या पद्धतीत आहे. लेड-अॅसिडवाली बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर घेते आणि मग आखडते, शेवटचे २० टक्के भरायला तीन-चार तास आणि कधी त्याहून जास्त. तुम्ही दिवसाला दोन तास गाडी चालवणार, ती रोज ८५ वर अडकणार, आणि अशी अर्धवट भरलेली राहिली की प्लेटवर सल्फेट बसून वर्ष-दोन वर्षांत निम्मी होते. बरेच लोक म्हणतात बॅटरी खराब निघाली, पण ती बिचारी कधी पूर्ण भरलेलीच नसते. लिथियमला अर्धवट राहिल्याचं काहीच वाटत नाही.

तिचे नियम दोन. शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नाही, आतमध्ये लिथियमचा थर जमून कायमचं नुकसान होतं, बर्फाळ भागात जाणार असाल तर थंडीत चार्जिंग तोडणारी किंवा आत हीटर असलेली बघा. आणि अल्टरनेटरला थेट जोडायची नाही. ती मागेल तेवढा करंट ओढते, इंजिन आयडलला असताना अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो आणि तो तापून जळतो. शिवाय आतल्या संरक्षण सर्किटने मध्येच बॅटरी तोडली तर व्होल्टेज एकदम उसळून अल्टरनेटरचे डायोड जातात. डीसी टू डीसी मध्ये असला की दोन्ही प्रश्न नाहीत.

व्होल्टमीटर बघून लिथियमचा अंदाज करू नका. ७० टक्के आणि ४० टक्के यांच्यात जेमतेम दशांश व्होल्टचा फरक असतो. निगेटिव्हमध्ये शंट (करंट मोजायची जाड पट्टी) बसवून आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजणारा मीटर लावा, आणि सगळ्या निगेटिव्ह वायरी शंटच्या पलीकडेच जोडा, एकसुद्धा थेट बॅटरीवर राहिली तर मीटर खोटं बोलतो.

जुनं_इंजिन:
लिथियमबद्दल माझं अजून तेच मत आहे की लांबच्या ठिकाणी बंद पडली तर कुणालाच दुरुस्त करता येत नाही, एजीएम कुठेही मिळते. पण स्मार्ट अल्टरनेटर आणि ५५ चा खर्च बघता यांच्या जागी मी असतो तर मीपण लिथियमच घेतली असती.

उन्हात_उभी_गाडी:
सोलरचं मी सांगतो, सात वर्षं टपावर पॅनेल आहेत.

४०० ची गरज नाही. २०० वॉट पुरेत. पाटीवरचे २०० वॉट प्रयोगशाळेतले असतात, पॅनेलचं तापमान २५ अंश आणि ऊन अगदी समोरून. टपावर आडवं बसवलेलं, तापलेलं, धूळ बसलेलं पॅनेल भर दुपारी १३०-१५० देतं. रोजचे साडेचार तास पूर्ण उन्हाचे धरा, गुणिले २०० गुणिले ०.७, म्हणजे ६३० वॉट-अवर, बॅटरीत साधारण ४५-४८ एएच. तुमचा खर्च ५५. म्हणजे चांगल्या उन्हात रोज दहाची तूट, दोन दिवस थांबलात तर वीस, ती तासाभराच्या ड्रायव्हिंगमध्ये भरून निघते. ढग आले की पावभर पण मिळत नाही, ते गृहीत धरूनच चला. टपावर जास्त पॅनेल टाकून ढगाळ दिवस भरून निघत नाही.

कंट्रोलर एमपीपीटी (पॅनेलच्या जास्त व्होल्टेजचा पुरा फायदा घेणारा) घ्या. साध्या पीडब्ल्यूएममध्ये १८ व्होल्टला चालणारं पॅनेल बॅटरीच्या १३ वर ओढलं जातं, शंभर वॉटच्या पॅनेलचे साडेपाच अँपिअर गुणिले १३, हातात आले ७१ वॉट, बाकीचे वाया.

सावली हा माझा आवडता विषय. ३६ सेलच्या पॅनेलमध्ये सगळे सेल एका माळेत असतात, मध्ये बहुतेक दोनच बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून करंट वळवणारे). एका सेलवर एक पान पडलं की अर्धं पॅनेल गेलं. मी पहिल्या वर्षी पॅनेल टपावरच्या सामानाच्या पेटीशेजारी बसवलं होतं, पेटीची सावली दुपारी तीननंतर एका कोपऱ्यावर यायची, दिसायला दोन बोटं, आणि आकडा निम्म्यावर. मी कंट्रोलर बदलला, वायर बदलली, शेवटी टपावर चढून बसलो आणि सावली सरकताना मीटर बघितला तेव्हा कळलं. दोन पॅनेल असतील तर शंभर-शंभरचे घ्या आणि पॅरलल जोडा, एक सावलीत गेलं तरी दुसरं पूर्ण देतं. पॅरललमध्ये दोघांना वेगळे फ्यूज लागत नाहीत, तीन झाले की लागतात. पॅनेल आणि टप यांच्यात दोन-तीन बोटं हवा खेळती ठेवा, तापलेलं पॅनेल दर अंशाला अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेर कमी देतं आणि उन्हात ते ६० अंशांवर सहज जातं.

जोडताना आधी कंट्रोलरला बॅटरी जोडा, मग पॅनेल. काढताना उलटं. पॅनेल जोडताना वर चादर टाका, उन्हात त्याला बंद करायचं बटण नसतं.

आणि फ्रिजसाठी सिगारेट लायटरचं सॉकेट वापरू नका. त्याच्या मागची वायर बारीक असते आणि खड्ड्यात पिन ढिली होते. कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज पडतं, फ्रिजला वाटतं बॅटरी उतरली आणि तो बंद होतो, तुम्ही बॅटरीला दोष देत बसता. बॅटरीपासून सहा स्क्वेअरची वेगळी लाइन, १५ चा फ्यूज, आणि घट्ट बसणारा जाड पिनांचा कनेक्टर.

चाकावरचं_घर:
सगळं बसवून झालं. १०० एएच लिथियम केबिनमध्ये, २५ अँपिअरचा डीसी टू डीसी, १६ स्क्वेअर वायर, दोन्ही टोकांना ६० चे फ्यूज, शंभरचे दोन पॅनेल पॅरलल, शंट. पण एक अडचण. गाडी चालू केली की चार्जर दहा मिनिटं चालतो आणि बंद होतो, पुन्हा चालू, पुन्हा बंद. पुढच्या बॅटरीवर १३.९ आहे आणि चार्जरच्या तोंडाशी १२.१. वायर तर सांगितली तीच टाकलीय. निगेटिव्ह मात्र मागे चॅसीलाच लावली, दुसरी वायर पुढपर्यंत आणली नाही.

तांब्याची_तार:
चार्जर चालू असताना मल्टिमीटरचं एक टोक पुढच्या बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं चार्जरच्या प्लसवर लावा, मग तसंच मायनस ते मायनस. ज्या बाजूला मोठा आकडा दिसेल तिकडे गडबड. लोड असतानाच करा, लोड नसताना सगळं शून्यच दिसतं.

चाकावरचं_घर:
प्लसला ०.२. मायनसला १.६. मागचा अर्थ बोल्ट हात लावू नये इतका तापलेला. उघडला तर थिंबल रंगावरच बसलेली होती, मी बोल्टाखालचा रंग खरवडलाच नव्हता. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकला, वरून ग्रीस लावलं. आता मायनसला ०.१ आणि चार्जरच्या तोंडाशी १३.६. बंद पडत नाही.

चाकावरचं_घर:
पहिली ट्रिप करून आलो, तेच ठिकाण मुद्दाम निवडलं, मुलगीपण सोबत. संध्याकाळी पोचलो तेव्हा शंटवर १०० टक्के. पहिल्या सकाळी ७२, दिवसभर छान ऊन, संध्याकाळी ८९. दुसऱ्या सकाळी ६१, दुपारी ढग आले, संध्याकाळी ६४. तिसऱ्या सकाळी ३६. पुढच्या बॅटरीवर १२.६, चावी फिरवली आणि पहिल्या झटक्यात इंजिन चालू. तिने टाळ्या वाजवल्या. दोन तास गाडी चालवली तर ८५ च्या पुढे गेलं.

तांब्याची_तार:
फार बरं वाटलं वाचून. आता एक करा, खडबडीत रस्त्यावरून आला असाल तर सगळे नट एकदा पान्याने तपासा. नवीन थिंबल पहिल्या काही दिवसांत बसतात आणि नट ढिले होतात. निगेटिव्ह काढून मगच हात घाला.

चाकावरचं_घर:
आत्ताच केलं ताई. बाकी सगळे घट्ट होते, पुढच्या फ्यूजवरचा एक नट अर्धा फेरा फिरला.